चांदीत दिसणारे काळे ठिपके

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या सात दिवसांच्या पिल्लाला पोटात फिटच्या औषधाचं इंजेक्शन देतात. चोवीस तासांनी मेंदू काढून त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारात मुरवतात. मरणपंथाला लागलेली पेशी ही चांदी धरून ठेवते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिकट कापावर काळीभोर उठून दिसते. नुसतं सलाइन टोचलेल्या पिल्लातही असे काही ठिपके सापडतातच, कारण वाढत्या मेंदूत जादा पेशी आपोआप गळत असतात. म्हणून दोन्हीकडचे ठिपके मोजून ताडून पाहावे लागतात. बर्लिनमध्ये पेट्रा बिटिगाऊ, ख्रिसान्थी इकोनोमिडू आणि सहकाऱ्यांनी हे काम करून २००२ साली निष्कर्ष मांडले. फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, डायझेपाम, व्हॅल्प्रोएट या नेहमीच्या औषधांनी पेशींचं मरण स्पष्टपणे वाढलं होतं. कोवळ्या पेशीला जगायला शेजारच्या पेशींचे संदेश आणि पोषक प्रथिनं लागतात. औषध फिट थांबवतं ते मेंदूतली हीच चळवळ मंदावून. त्याबरोबर प्रथिनंही घटतात आणि पेशी स्वतःला संपवते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ही पिल्लं निरोगी होती, त्यांना फिट येत नव्हती. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला लागोपाठ झटके येतात, तेव्हा ते झटकेही मेंदूला घातकच असतात. दुसरा आक्षेप मात्रेचा. पण पिल्लांच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण माणसांवरच्या उपचारातल्या प्रमाणाच्या जवळपास होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरं. तरी माणसांतला पुरावा चिंता पुसत नाही. तापात फिट येणाऱ्या मुलांवरच्या १९९० सालच्या अमेरिकी अभ्यासात, दोन वर्षांनी फेनोबार्बिटोन गटाचा बुद्ध्यांक हे औषध न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला. कारण पेशींचं मरणच होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. सावध व्हायला मात्र तो आकडा पुरेसा आहे.

मग औषध बदलावं का? पिल्लांच्या मेंदूत लेव्हेटिरासिटामने असं नुकसान दिसलं नाही. मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नवजात बाळांच्या चाचणीत त्याने २८ टक्के बाळांचे झटके चोवीस तास थांबवले, तर फेनोबार्बिटोनने ८० टक्के बाळांचे. म्हणून झटके चालू असताना फेनोबार्बिटोन हातचं सोडणं हा बाळावर अन्यायच. उंदरांचा धडा लागू होतो तो झटके थांबल्यानंतर. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, तात्पुरत्या कारणाने आलेल्या फिट थांबल्या असतील आणि अपस्माराची चिन्हं नसतील, तर बाळ घरी जाण्यापूर्वीच औषध बंद करावं. हा निर्णय डॉक्टरांचा; पालकांनी परस्पर औषध तोडलं तर झटके उलटू शकतात. पण सवयीने महिनोन्महिने पाजलं जाणारं सिरप निरुपद्रवी आहे, असं त्या काळ्या ठिपक्यांनंतर म्हणता येत नाही. बाळाचा मेंदू झपाट्याने घडत असतो तो याच महिन्यांत. डिस्चार्ज कार्डावर औषध चालू ठेवायचं असेल, तर कशासाठी आणि कधीपर्यंत, हे डोसइतक्याच ठळकपणे लिहिलेलं हवं.