गिमवी ते गोरेगाव : एका कृमिरोगावरील औषधांचा मागोवा

रत्नागिरी जिल्ह्यात, मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेल्या पूर्णगडच्या उत्तरेस गुहागर तालुक्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले, तेव्हा मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहून लघवीवाटे रक्त पाडणाऱ्या शिस्टोसोमा या चपट्या कृमीवर अँटिमनीच्या विषारी क्षारांखेरीज फारसा इलाज नव्हता. क्रिस्टोफरसन यांनी १९१८ मध्ये खार्टूमहून पुढे आणलेल्या या उपचारात शिरेतून वारंवार इंजेक्शने द्यावी लागत, उलट्या होत आणि हृदयावर परिणाम होण्याची भीती असे.

कृमीची अंडी लघवीबरोबर गोड्या पाण्यात पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि तिथून सुटलेली दुभंगल्या शेपटीची अळी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते. गिमवीत ही यजमान गोगलगाय म्हणजे टोपीसारख्या शंखाची, जेमतेम काही मिलिमीटरची फेरिसिया टेनुइस असल्याचे आढळले. मुचकुंदीच्या मुखाशी, पूर्णगडच्या खाऱ्या पाण्यात हे चक्र चालूच शकत नाही. त्याला ओढ्याचे किंवा डबक्याचे गोडे पाणीच लागते.

मुंबईत गोरेगाव येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या सिबा कंपनीच्या संशोधन केंद्रातून पुढे अमोस्कॅनेट हे संयुग आले. नायट्रोजनने जोडलेली दोन बेंझिन वलये, एका टोकाला नायट्रो गट आणि दुसऱ्या टोकाला, मोहरीला तिखटपणा देणारा, आयसोथायोसायनेट गट अशी त्याची रचना होती. अंकुशकृमी, हत्तीरोगाचे कृमी आणि शिस्टोसोमा या तिन्हींवर ते प्रभावी असल्याचे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि एकाच रेणूची एवढी व्याप्ती खरोखरच असाधारण होती. मात्र यकृतावरील दुष्परिणामांमुळे ते माणसांसाठी रूढ झाले नाही. मुंबईत घडलेले औषध कोकणातल्या रुग्णापर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा अपुरीच राहिली.

यश मिळाले ते जर्मनीत, आणि तेही आडवाटेने. मर्क कंपनीने मनःशामक म्हणून अभ्यासलेल्या संयुगांच्या कुळाची बायर कंपनीने जनावरांच्या कृमींवर चाचणी घेतली आणि त्यातून १९७० च्या दशकात प्राझिक्वांटेल हाती आले. ज्या रोगाचे रुग्ण गरीब आणि म्हणून बाजारपेठ नगण्य, त्यावरचे औषध असे दुसऱ्या कामाच्या आश्रयानेच यावे, ही खेदाची बाब आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम अशी तोंडाने घ्यायची एकच मात्रा पुरू लागल्याने इंजेक्शनांचा जाच संपला. शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांसाठीचे त्याचे रूप मात्र २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यतेस पात्र ठरले. कोवळ्या कृमींवर हे औषध आजही दुबळे पडते, त्यामुळे नुकत्याच झालेल्या संसर्गात काही आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते.