सपाट तळाची पारख

हार्डवेअरच्या दुकानात एखादा जाणता सुतार लोखंडी रंधा घ्यायला येतो, तेव्हा तो आधी किंमत विचारत नाही. रंधा खोक्यातून काढून तो उलटा धरतो, एक डोळा मिटतो आणि दाराच्या उजेडाकडे तोंड करून तळावरून नजर फिरवतो. मग खिशातली पोलादी पट्टी त्या तळावर उभी ठेवतो. पट्टीखालून उजेडाची रेघ डोकावली की रंधा मुकाट्याने खोक्यात परत जातो. गल्ल्यावर बसलेल्या नव्या पिढीच्या दुकानदाराला या परीक्षेचा अर्थ पुष्कळदा उमगत नाही. वस्तू नवी आहे, रंग चकचकीत आहे, खोक्यावर नाव छापलेले आहे. मग गिऱ्हाईक का परतले?

या प्रश्नाचे उत्तर रंध्याच्या घडणीत आहे, आणि त्या घडणीमागे दीडशेहून अधिक वर्षांचा उद्योगाचा इतिहास आहे. शोध, सौदा, भरभराट, घसरण आणि पुनरुज्जीवन असे सारे टप्पे या वीतभर लांबीच्या हत्याराने पाहिले आहेत. व्यापारी कुटुंबांनी तो इतिहास जाणून घ्यावा असाच आहे.

लाकडाकडून लोखंडाकडे

रंधा म्हणजे मूलतः चौकटीत बसवलेली पटाशी. नुसत्या पटाशीने लाकूड तासताना धार किती खोल जाईल हे हाताच्या जोरावर आणि लाकडाच्या रेषांवर अवलंबून असते. तीच धार सपाट तळाच्या चौकटीत बसवून तळाखाली केसभर बाहेर काढली, की ती तेवढाच थर उचलते. रोमन लोकांना हे तत्त्व ठाऊक होते. ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात लोखंडी तळाचे रंधे सापडले आहेत.

तरीही पुढील अनेक शतके सुताराच्या हाती प्रामुख्याने लाकडी रंधाच राहिला. कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात तिरके पाते आणि पाते घट्ट धरणारी पाचर, एवढीच त्याची रचना. तो हलका व स्वस्त असे आणि सुताराला स्वतः घडवता येई. मात्र त्याच्या दोन अडचणी होत्या. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्याबरोबर तळाची सपाटी बिघडते. शिवाय घासून घासून तळ झिजतो आणि पात्यापुढची फट रुंद होत जाते. दुसरी अडचण पाते बसवण्याची. खोली वाढवायची तर पात्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी मारायची, कमी करायची तर ठोकळ्याच्या पाठीमागे मारायची. ही कला हातात मुरायला वर्षे लागत.

यावर लोखंडाचा उपाय अनेकांनी शोधला. अमेरिकेत हॅझर्ड नोल्स यांनी १८२७ मध्ये बिडाच्या रंध्याचे पेटंट घेतले. स्कॉटलंडमधील एअर या गावी स्ट्यूअर्ट स्पिअर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धातूचे कवच आणि आत घट्ट बसवलेले कठीण लाकूड असे भारदस्त रंधे बनवायला प्रारंभ केला. ते देखणे होते, परंतु हातमेहनतीमुळे महागही होते. सामान्य सुताराला परवडेल, कारखान्यात हजारोंनी निघेल आणि पाते सहज हलवता येईल, असा रंधा अजून जन्मायचा होता.

एक शोध, एक सौदा

तो घडवला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या लिओनार्ड बेली यांनी. त्यांनी बिडाच्या देहात पंचेचाळीस अंशांची स्वतंत्र बैठक बसवली. त्या बैठकीला, तिच्या आकारावरून असेल, कारागीर ‘फ्रॉग’ म्हणजे बेडूक म्हणतात. पाचरीच्या जागी त्यांनी बोटाने उघडणारी लिव्हर कॅप आणली आणि पात्यामागे एक पितळी चाक ठेवले. चाक फिरवले की पाते अलगद पुढे किंवा मागे सरकते. १८५८ ते १८६७ या काळात यांतील महत्त्वाच्या कल्पनांची पेटंट त्यांनी घेतली. हातोडीच्या टिचकीची वर्षांची साधना एका बोटाच्या हालचालीवर आली.

शोध मोठा असला तरी तो देशभरातल्या दुकानांत पोहोचवण्याचे बळ बेली यांच्या छोट्या कारखान्यात नव्हते. ते बळ कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅनली रूल अँड लेव्हल या कंपनीकडे होते. १८५७ साली या नावाने उभी राहिलेली ही कंपनी मोजपट्ट्या आणि पाणसळी विकत असे. तिचे जाळे तयार होते, फक्त नव्या वस्तूची उणीव होती. १८६९ मध्ये सौदा झाला आणि बेली यांचा रंध्यांचा व्यवसाय व पेटंट स्टॅनलीकडे गेली.

भागीदारीत अनेकदा घडते तेच येथेही घडले. काही वर्षांतच मतभेद झाले आणि १८७५ च्या सुमारास बेली वेगळे झाले. हार्टफोर्ड येथे त्यांनी ‘व्हिक्टर’ नावाने प्रतिस्पर्धी रंधे काढले. पण पुढे तो व्यवसायही स्टॅनलीच्याच हाती गेला. बेली मग पत्रांच्या नकला काढणारी दाबयंत्रे बनवू लागले. त्या काळच्या प्रत्येक पेढीला ती लागत. मात्र बाजाराने त्यांचे नाव सोडले नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्टॅनलीने ‘बेली’ ही अक्षरे रंध्याच्या ओतकामातच उमटवायला सुरुवात केली. माणूस कंपनीतून कधीच गेला होता; गिऱ्हाईक मात्र त्याच्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजत होते.

या रंध्यांना दिलेले क्रमांकही रूढ झाले. सुमारे नऊ इंचांचा चार क्रमांकाचा रंधा अखेरच्या गुळगुळीत हातासाठी, चौदा इंचांचा पाच क्रमांकाचा ‘जॅक’ सर्व कामांसाठी आणि बावीस इंचांचा सात क्रमांकाचा रंधा लांब फळ्यांच्या कडा सरळ करण्यासाठी. लांबीमागे साधे गणित आहे. आखूड रंधा फळीच्या खोलगट भागात उतरतो आणि खळग्यासकट तासत जातो. लांब रंधा उंचवट्यांवर टेकून फक्त तेच उतरवतो. जगभरचे कारखाने आजही बहुतांशी हेच आकार बनवतात आणि हेच क्रमांक वापरतात.

घसरण कशी झाली

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची यंत्रे स्वस्त झाली, प्लायवूड आले, तयार रंधलेल्या फळ्या मिळू लागल्या. हातरंध्याची मागणी ओसरली आणि अनेक कारखान्यांनी मागणी घटलेल्या मालावरचा खर्च कापला. हा खर्च जेथे कापला गेला, तेथे तो गिऱ्हाइकाला दिसत नाही.

बिडाचे ओतकाम साच्यात थंड होताना सर्वत्र सारखे आकसत नाही. जाड भाग उशिरा, पातळ भाग लवकर थंड होतो आणि धातूत ताण कोंडून राहतो. असे ओतकाम लगेच घासून सपाट केले, तर काही महिन्यांनी तो ताण सुटतो आणि सपाट तळ पुन्हा वाकतो. म्हणून जुन्या चांगल्या कारखान्यांत ओतकाम महिनोन्‌महिने तसेच पडू देत आणि नंतरच त्याचा शेवटचा हात करीत. अलीकडे तेच काम भट्टीत पुन्हा तापवून साधतात. कोल्हापूरच्या फौंड्रीशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना हे नवे नाही. पण भांडवल महिनोन्‌महिने अंगणात पडू देणे कोणाही हिशेबनिसाला खटकते. ती प्रतीक्षा गेली. फ्रॉगची पूर्ण घासलेली बैठक गेली, तिच्या जागी रंगाखाली खडबडीत ओतकाम आले. लाकडी मुठींच्या जागी प्लॅस्टिक आले. रंधा बाहेरून तसाच दिसत राहिला.

विक्रेत्याने उचललेला वारसा

या घसरणीला उलट दिशा देणाऱ्यांत थॉमस ली-निल्सन यांचे नाव अग्रभागी आहे. नावा बांधणाऱ्याचा हा मुलगा न्यूयॉर्कमध्ये सुतारी हत्यारे विकणाऱ्या गॅरेट वेड या पेढीत काम करीत होता. बाजारात काय मिळेनासे झाले आहे, हे त्याला विक्रीच्या बाजूने दिसत होते. स्टॅनलीने बंद केलेल्या एका लहान कडरंध्याची सुधारित आवृत्ती एक कारागीर बनवीत असे. त्याने ते काम थांबवायचे ठरवले, तेव्हा ली-निल्सन यांनी त्याच्याकडून साहित्य व कामाची माहिती घेतली आणि १९८१ मध्ये मेन राज्यात स्वतःचा उद्योग मांडला.

त्यांनी नवा शोध लावला नाही. जुन्या उत्तम नमुन्यांत जेथे खर्च कापला गेला होता, तेथे तो पुन्हा केला. काही रंधे मँगनीज ब्राँझचे केले, ते गंजत नाहीत. इतरांसाठी साध्या बिडाऐवजी तन्य बीड वापरले. साध्या बिडात कार्बनचे ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते, म्हणून रंधा फरशीवर पडला तर तडकतो. वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशिअम घातले की ते ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात जमते आणि धातू धक्का सोसतो. किंमत अर्थातच कित्येक पट झाली. तरीही ग्राहक मिळाले आणि इतर उत्पादकांनाही या मार्गाने यावेसे वाटले.

दुकानात आणि घरात

आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला तो महाग रंधा परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. जालंधर हे हातहत्यारांचे मोठे केंद्र आहे; देशी बनावटीचा साधा रंधाही नीट निवडला आणि बसवला तर उत्तम काम देतो. खरेदी करणाऱ्याने व विकणाऱ्यानेही पुढील गोष्टी पाहाव्यात.

तळ तीन ठिकाणी एका पातळीत हवा: पुढचे टोक, पात्यापुढची फट आणि मागचे टोक. बाकी ठिकाणी किंचित खोलगटपणा चालतो. पण फटीपाशी तळ आत गेलेला असेल, तर त्या रंध्याने पातळ थर निघणे कठीण. पाते काढून फ्रॉग हलवून पाहावा. तो डुगडुगता कामा नये. पात्यावर बसणाऱ्या लोखंडी पट्टीची कड पात्याला पूर्ण चिकटली पाहिजे. दोन्ही एकत्र धरून उजेडाकडे पाहावे. फट राहिली तर तेथे छिलका अडकतो आणि रंधा तुंबतो. पितळी चाक उलट दिशेने फिरवताना थोडे रिकामे फिरणे स्वाभाविक आहे. फार फिरत असेल तर ते घडण ढिली असल्याचे लक्षण. हे चाक नुसत्या बोटांनी फिरले पाहिजे.

नवे पाते धार लावूनच वापरायचे असते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. पात्याची सपाट बाजू दगडावर आरशासारखी केल्याशिवाय धार खरी लागत नाही. सागवानात सिलिकाचे कण असतात, त्यामुळे त्यावर काम करताना पाते वरचेवर पाजवावे लागते. कोकणात व मुंबईत दमट हवेने बीड गंजते; काम झाल्यावर तळावर तेलाचा बोळा फिरवण्याची सवय एक पिढी रंधा टिकवते.

हे सारे दुकानदाराने का पाहावे? कारण सदोष रंध्याचा तोटा कारखानदाराला सोसावा लागत नाही. रोजावर काम करणाऱ्या सुताराचा दिवस त्यात जातो. त्याहून वाईट अवस्था नवशिक्याची होते. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पहिल्या कमाईतून रंधा घेतो. तो लाकडावर अडकतो, तंतू उपटतो, फळीवर खाचा पाडतो, आणि तो मुलगा दोष हत्याराला नव्हे, स्वतःच्या हाताला देतो. आपल्याला हे काम येणार नाही, असे त्याला वाटू लागते. जाणता सुतार खोके परत करून निघून जातो. नवशिका ते घेऊन जातो. पोलादी पट्टी अजून त्याच्या खिशात आलेली नसते, म्हणून ती दुकानदाराच्या गल्ल्यात असायला हवी.

त्यासाठी फार खर्च नाही. एक सरळ पट्टी, धार लावण्याचा एक दगड आणि गल्ल्यापाशी अडकवलेला सागवानाचा एक तुकडा पुरेसा आहे. माल आल्यावर प्रत्येक रंध्याचा तळ पाहावा, वाकडा असेल तो पुरवठादाराला परत करावा, एक रंधा नीट पाजवून ठेवावा आणि घेणाऱ्याला तुकड्यावर एकदा चालवू द्यावा. फटीतून कागदासारखा पातळ, अखंड छिलका वळवळत वर आला, की सौद्यात आणखी काही बोलावे लागत नाही.