हरूनही हात का थांबत नाही?

मजुरीचे पैसे हातात पडले की त्यातले काही मटक्याच्या आकड्यावर किंवा मोबाइलवरच्या रमीत जातात, हे आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांना नवे नाही. भांडण होते, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली जाते आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. मग आपण म्हणतो, माणूसच लबाड. शिव्या देण्याआधी मानसशास्त्राने याचा जो शोध घेतला आहे, तो समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. रोगच कळला नाही तर औषध चुकते.

अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९३० च्या दशकात त्यांनी एक पेटी तयार केली. आत उंदीर आणि भिंतीला दांडी. दांडी दाबली की खाण्याची गोळी पडायची. ज्या कृतीला फळ मिळते ती कृती जीव पुन्हा करतो, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. एका शनिवारी गोळ्या संपत आल्या. गोळ्या त्यांना स्वतःच बनवाव्या लागत. म्हणून दर दाबण्याला गोळी न देता त्यांनी मिनिटाला एकच द्यायचे ठरवले. उंदीर कंटाळून सोडून देईल असे आपल्याला वाटेल, पण तो दांडी दाबतच राहिला.

पुढच्या प्रयोगांत आणखी दिसले. ज्या प्राण्याला दरवेळी फळ मिळत होते, त्याचे फळ बंद केले की तो लवकर नाद सोडतो. ज्याला कधी मिळत होते, कधी नाही, तो फळ बंद झाल्यावरही कितीतरी जास्त वेळ झगडत राहतो. आणि कितव्या चोचीला दाणा पडेल याचा काहीच नेम नसला, तर कबुतर सर्वांत नेटाने चोच मारत राहते. १९५७ साली स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी यावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

मटका नेमका याच रीतीने चालतो. माणसाला बांधून ठेवते ते अधूनमधून जिंकणे. कधीच न जिंकणारा लवकर सुटतो. (दुकानासमोर लोळण घेणाऱ्या पोराला नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा कुरकुऱ्याचे पाकीट देणाऱ्या आईबापांनीही हे लक्षात ठेवावे. हट्ट असाच पक्का होतो.)

मेंदूत काय होते? वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन नावाचे रसायन सोडणाऱ्या पेशी तपासल्या. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी उसळत. पण दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकले, की पेशी दिवा लागतानाच उसळू लागल्या, रस पिताना नाही. म्हणजे उसळी असते ती आशेची. आकडा फुटायच्या आधीची ती धडधड आठवा.

केंट बेरिज या शास्त्रज्ञांनी त्यापुढचे सांगितले. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामीन जवळजवळ नष्ट झालेले उंदीर खाण्याकडे जात नसत, पण जिभेवर साखरेचे पाणी ठेवले तर त्यांना ते गोडच लागे. व्यसनात याच्या उलट घडते. गोडी संपलेली असते, ओढ मात्र वाढतच जाते. म्हणून "मला आता मजा येत नाही, तरी राहवत नाही" असे कोणी म्हणाला तर ते खोटे समजू नका. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामीनचे काम करणारी औषधे सुरू केल्यावर जुगाराची सवय लागल्याची आणि डोस कमी केल्यावर ती सुटल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

"एका आकड्याने गेला हो!" हे वाक्यही तपासा. थोडक्यात हुकणे म्हणजे हरणेच. पण २००९ साली केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क यांच्या अभ्यासात दिसले की अशा वेळी मेंदूतले जिंकण्याचेच भाग जागे होतात आणि आणखी खेळावेसे वाटते.

आता घरात काय करायचे? शपथा घेऊ नका, पैशाची वाट बदला. मजुरी घरी येताच धान्य, भाडे, फी आधी बाजूला काढा. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घ्या, खेळांचे ॲप काढून टाका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ साली बंदीचा कायदा केला आहे. तरी कोणी लिंक पाठवली तर त्यात पडू नका. भावाचे कर्ज गुपचूप फेडणाऱ्या बहिणींनाही आम्ही सांगू, ताई, त्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. नाहीतर तुमचे पैसे हे त्याला अधूनमधून मिळणारे आणखी एक फळच ठरेल. ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. त्या वेळी तो एकटा नसावा, अड्ड्याच्या रस्त्याने जाऊ नये.

जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलेला आजार आहे आणि समुपदेशनाचा त्यात उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जाता येते. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. कर्जात बुडालेला माणूस "मी नसलो तर बरे" असे बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच्याजवळ बसा आणि तिथूनच फोन लावा.