ख्रिस्तमंदिराच्या उंबरठ्यावर : बाक की सतरंजी?

वेदी कोणत्या दिशेला असावी, हा प्रश्न या लेखमालेत मागच्या आठवड्यात अर्धवट सोडला होता. तो अजून एक आठवडा तसाच राहू द्या. मधल्या काळात मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून पत्र आले, आणि ते वाचल्यापासून दुसरे काही सुचत नाही.

पत्र लिहिणारे तिथल्या छोट्या मंडळीतले वडीलधारे गृहस्थ आहेत. त्यांची उपासना कुडाच्या भिंतींच्या एका घरात भरते. जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावर दोन सतरंज्या. मंडळीतला एक तरुण कामासाठी वसईला होता. नाताळात पापडीचे मोठे ख्रिस्तमंदिर आतून पाहून तो परत आला आणि म्हणाला, आपल्याकडे बाक नाहीत म्हणून आपले चर्च चर्चसारखे वाटत नाही. आता बाकांसाठी वर्गणी सुरू झाली आहे. वडीलधाऱ्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: बाकांशिवाय देवाचे घर अपुरे असते का?

प्रश्न साधा आहे, पण या लेखमालेत आपण गेले काही आठवडे ज्याच्याभोवती फिरतो आहोत त्याच्या मुळाशी तो जातो. कुठे कॅथलिकांची उपासना, मिस्सा, शांत असते, कुठे उपासनेत टाळ्या वाजतात, कुठे लोक रडून प्रार्थना करतात. हे फरक शिकवणुकीतून येतात तसे बसण्यातूनही येतात. माणसाला कुठे आणि कसे बसवले आहे, यावर त्याच्या प्रार्थनेचे रूप बरेचसे ठरते.

आधी इतिहास. ख्रिस्ती लोकांची पहिली तीन शतके मुख्यतः घरांतच गेली. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या विसाव्या अध्यायात त्रोवस इथल्या सभेचे वर्णन आहे. माडीवरची खोली, पुष्कळ दिवे, पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबलेले, आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. घरात जागा पुरेना म्हणून खिडकीत बसणारा तरुण मला मोखाड्यात दर पावसाळ्यात दिसतो. फक्त इथे माडी नसते.

पुढे मोठी मंदिरे उभी राहिली, पण त्यांतही बाक नव्हते. लोक उभे राहत. सन 325 मध्ये निकेया इथे भरलेल्या धर्मसभेचा विसावा नियम सांगतो की रविवारी, तसेच पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत, प्रार्थना उभ्याने करावी, गुडघे टेकू नयेत. गुडघे टेकणे हे पश्चात्तापाचे, आणि रविवार हा उठलेल्या प्रभूचा दिवस. म्हणून उठून उभे राहायचे. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी हा वारसा आजवर जपला आहे. इथिओपियात उपासना तासन्‌तास चालते, आणि तिथे भक्त बाकाऐवजी हातात उंच काठी घेतात. दमले की तिच्यावर रेलतात, स्तोत्र रंगात आले की तीच काठी तालात हलवतात. केरळच्या जुन्या सुरियानी मंडळ्यांमध्येही चपला बाहेर काढून, पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला, उभ्याने उपासना करण्याची रीत आहे.

बाक आले युरोपात, तेही उशिरा. मध्ययुगाच्या उत्तरार्धात थोडे थोडे येऊ लागले आणि प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर जिकडेतिकडे झाले. प्रवचन हा उपासनेचा गाभा झाला. ते तास-तासभर चाले. व्यासपीठावर वाळूचे घड्याळ ठेवत. इतका वेळ ऐकायचे तर बसायला हवे. बाक हे मुळात ऐकणाऱ्याचे आसन आहे, शाळेतल्यासारखे.

बाक आले आणि त्यांच्यासोबत मानपानही आला. इंग्लंडमध्ये घराण्यांचे बाक ठरलेले असत, त्यांचे भाडे भरावे लागे, काहींना दारे आणि कुलपेही होती. गरिबाने मागे उभे राहायचे. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च पाहा. 1858 साली त्याचे अर्पण झाले. तिथल्या बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत. आदल्याच वर्षी, 10 मे 1857 ला, मेरठचा उठाव झाला तो रविवारच्या संध्याकाळी, गोरे लोक चर्चला जायच्या तयारीत असताना. त्यानंतर इंग्रज शिपाई उपासनेलाही बंदूक घेऊन बसू लागला. त्या खाचांवरून मी पुष्कळदा हात फिरवला आहे. बसण्याच्या लाकडात एका काळाची भीती इतकी स्पष्ट कोरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता वसईकडे वळू, कारण त्या तरुणाला जे भावले ते खोटे नव्हते. कॅथलिक मिस्सेत बाकाला खालून एक फळी जोडलेली असते, गुडघे टेकायला. मिस्सा म्हणजे सगळ्या अंगाने करायची प्रार्थना: शुभवर्तमान वाचताना उभे राहायचे, प्रवचनाला बसायचे, भाकर-द्राक्षारसाच्या पवित्रीकरणाच्या वेळी गुडघे टेकायचे. शेकडो माणसे एका क्षणी गुडघ्यांवर येतात तेव्हा लाकडाचा एक दबका आवाज मंदिरभर जातो आणि मग पूर्ण शांतता पसरते. त्या शांततेत घंटा वाजते. तो क्षण ज्याने अनुभवला त्याला बाकाची ओढ वाटणारच. तिथे बाक शिस्तीचा भाग आहे, आणि ती शिस्त सुंदर आहे.

पण ज्या चर्चची ती शिस्त, त्याच कॅथलिक चर्चने बाक म्हणजे सर्वस्व नव्हे हेही मान्य केले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेचा दस्तऐवज काढला आणि लोकभाषेला वाट मोकळी झाली. त्यानंतर 1969 मध्ये भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्द्यांना रोमहून संमती मिळाली. जमिनीवर बसणे, चपला बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, तेलाचे दिवे, आरती, हे सगळे त्यात आहे. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाची परंपरा तर त्याच्याही आधीची. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने 1920 च्या दशकात ख्रिस्त सेवा संघ उभा केला, आणि भारतीय माणसाने भारतीय रीतीने, मांडी घालून प्रार्थना करावी, हा त्याचा आग्रह होता.

आमच्या नगरकडे हा आग्रह कुणी शिकवावा लागला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 साली सुरू झाले. शहरात मोठी चर्चे झाली, त्यांत बाकही आले, पण खेड्यांतल्या मंडळ्या सतरंजीवरच बसत राहिल्या. माझे बालपण तशाच एका मंडळीत गेले. कृष्णराव सांगळे आणि पुढे नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले ते या सतरंजीसमोर. कीर्तनकार उभा, पाठीशी पेटी आणि मृदंग, समोर लोक मांडी घालून. मागे बसलेला माणूस सरकत सरकत पुढे येतो, लहान मूल आईच्या मांडीवर झोपते, झांज हातोहात फिरते. कीर्तनाला बाक चालतच नाही. बाकावर बसलेला माणूस श्रोता राहतो, सतरंजीवरचा माणूस कीर्तनात येतो. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. नाव दरबाराचे होते आणि त्याची बैठकही भारतीय होती.

सतरंजीचा आणखी एक गुण नगरकडच्या माणसाने विसरू नये. ती अखंड असते. ज्या काळात महार आणि मांग एका विहिरीवर पाणी भरत नव्हते, ब्राह्मण तर लांबच राहिला, त्या काळात एका कापडावर मांडीला मांडी लावून बसायचे होते. ते सहज घडले नाही. मंडळ्यांमध्ये त्यावरून रुसवे-फुगवे झाले, काही पिढ्या ते पुरले. बाकांच्या रांगा असत्या तर प्रत्येकाने आपापली रांग धरली असती. सतरंजीने ती सवलत दिली नाही.

मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेचेही बसण्याशी नाते आहे. नव्या मंडळ्यांतून सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, त्याला अमेरिकन खूळ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी केडगावची आठवण देतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये मुली एकाच वेळी मोठमोठ्याने, रडत, गुडघ्यांवर, काही जमिनीवर पालथ्या पडून प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध चळवळ सुरू झाली 1906 मध्ये, म्हणजे केडगावनंतर. ही प्रार्थना करायला अंग हलायला, झुकायला, पडायला जागा लागते. बाकांच्या रांगेत ती अडते. म्हणूनच अशा मंडळ्यांमध्ये आज प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात: प्रवचन संपले की भराभर भिंतीला लावायच्या आणि मधली जागा मोकळी करायची.

मुक्तिफौजेची गोष्ट याच्या बरोबर उलटी. ती 1882 मध्ये मुंबईत उतरली. तिच्या सभागृहात सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे समोरचा एक साधा बाक. त्यावर कुणी बसत नाही. ज्याला पश्चात्ताप होतो तो पुढे येऊन त्याच्याशी गुडघे टेकतो. आपल्या डहाणूला ब्रदरन मिशनने काम केले. 1894 मध्ये भारतात येऊन बलसाडला काम सुरू केलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचे ते काम, आणि पुढे 1970 मध्ये ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. त्यांच्या परंपरेत प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुतात. एक जण बाकावर बसतो, दुसरा परातीपुढे खाली बसून त्याचे पाय धुतो आणि पुसतो. मग जागा बदलतात. बाकाचा इतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

तेव्हा बाकाशी माझे वैर नाही. पण खोडाळ्याच्या त्या मंडळीला तो बसेल का, हे पाहायला हवे. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर मी अनेक रविवार काढले आहेत. इथल्या माणसाला एकत्र येणे म्हणजे गोल करणे. तारपा वाजतो तेव्हा वारली माणसे तारपेवाल्याभोवती फेर धरतात आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. हीच माणसे प्रार्थनेला बसली की आपोआप अर्धगोल होतो आणि वचन वाचणारा मधे येतो. सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात. कुणाचे मूल आजारी आहे हे सांगावे लागत नाही. बाक ठेवले की या अर्धगोलाच्या रांगा होतील आणि पुढच्याची पाठ तेवढी दिसेल.

दुसरी गोष्ट मला तिथल्याच एका बाईंनी दाखवली. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, भिवंडीकडे, वसईकडे. घरे बंद होतात. अशाच एका रविवारी उपासनेला आलेल्या त्या बाईंनी काही न बोलता एक सतरंजी घडी करून वळचणीला ठेवली आणि उरलेली माणसे दुसरीवर जवळजवळ बसली. मंडळी लहान झाली, पण विरळ दिसली नाही. पाऊस तोंडावर आला, माणसे भट्टीवरून परतली की ती घडी पुन्हा उलगडते. बाकाची घडी घालता येत नाही. नाताळच्या दिवशी, जेव्हा भट्ट्या चालू असतात, तेव्हा रिकामे बाक मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहत राहतील.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझे उत्तर: काका, तुमचे देवाचे घर अपुरे नाही. हजार वर्षे जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी बाकांशिवाय प्रार्थना केली आहे. त्या तरुणाला रागावू नका, त्याला पापडीला जे दिसले ते मोलाचे आहे. त्याला मिस्सेची शांतता सगळ्यांना सांगायला लावा, आणि एखाद्या रविवारी प्रार्थनेच्या आधी तेवढा वेळ गप्प बसून पाहा. जमलेली वर्गणी मात्र जमिनीत घाला. तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल वर चढते आणि सतरंजी भिजते. जोते हातभर उंच करून घ्या, वर कोबा करा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीलगत चार खुर्च्या ठेवा. पैसे उरले तर तिसरी सतरंजी घ्या, कारण पावसाळ्यात सगळे घरी असतात आणि तुमच्याच पत्रात लिहिले आहे की तेव्हा पोरे दाराबाहेर भिजत बसतात.