जुन्या वेगवान गाडीचे ब्रेक : कारागिराकडची अमानत

राजदूत ३५० ही मोटारसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाशी करार करून १९८३ साली आपल्या बाजारात आणली. तरुणांनी तिला डोक्यावर घेतले, पण पेट्रोलचा खर्च सामान्य माणसाला परवडेना आणि काही वर्षांतच ती बंद पडली. आज शौकीन लोक हीच गाडी शोधून काढतात आणि पैसे मोजून नवी करून घेतात. कन्हेरी, बारामती, इंदापूर भागातील आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनी हे काम जरूर घ्यावे. मजुरी चांगली मिळते, हुनरची कदर होते. मात्र रंग आणि क्रोम यांच्या आधी ब्रेककडे पाहावे, एवढे आमचे सांगणे आहे.

या गाडीचे इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, सुमारे ३० हॉर्सपॉवरचे. जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे विकलेल्या गाडीला मात्र दोन्ही चाकांना ड्रमच मिळाले. म्हणजे धावणे शर्यतीच्या गाडीचे आणि थांबणे साध्या गाडीचे.

ब्रेक म्हणजे गाडीची गती घासून तिची उष्णता करणारे यंत्र. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट काम पडते. ड्रममध्ये ही उष्णता कोंडून राहते. वारंवार ब्रेक दाबला की लायनर तापतात आणि पकड सुटते. डिस्क उघडी असते, वाऱ्याने थंड होते, पावसाचे पाणीही लवकर झटकते. मोटारींच्या जगाला हे १९५३ साली पटले. त्या वर्षी फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जग्वार गाडीने जिंकली.

तरीही गिऱ्हाईक आले की लगेच डिस्क बसवू नये. आधी आहे तो ड्रम दुरुस्त करावा. ड्रम वेडावाकडा झिजला असेल तर मापात राहून लेथवर साफ करावा. लायनर चांगल्या कंपनीचे घ्यावेत, ते ड्रमला पूर्ण टेकतात की नाही हे पाहावे. केबल नवी टाकावी. टायर जुना व कडक झाला असेल तर बदलावा, कारण शेवटी गाडी टायरच्या पकडीनेच थांबते. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

डिस्कच हवी असेल तर हब, फोर्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि होज हा सर्व संच एकमेकांशी जुळणारा हवा. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या मानाने मोठा झाला तर लिव्हर दगडासारखा लागतो, लहान झाला तर हँडलला टेकतो. कॅलिपरसाठी फोर्कच्या ॲल्युमिनियमच्या नळीला पट्टी वेल्ड करून काम भागवू नये, ती दगा देते. ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलेल्या प्रतीचेच भरावे. इंजिन ऑइलने रबरी सील फुगतात. लाइनमधली हवा पूर्ण काढावी आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, कारण ते हवेतली ओल शोषते.

कारागिरांनी आपल्या जिवाचीही काळजी घ्यावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम उघडून फुंकर मारणे किंवा कॉम्प्रेसरने हवा मारणे म्हणजे ती धूळ छातीत घेणे होय. ओल्या फडक्याने पुसावे. शागिर्द पोरांना ही सवय पहिल्याच दिवशी लावावी.

कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून डिस्क बसवण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बारामतीच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्यावे. नंतर अपघात झाला तर ‘मिस्त्रीने बसवून दिले’ हे उत्तर दोघांनाही वाचवणार नाही.

शेवटी धंद्याची गोष्ट. आम्ही कापडवाले. कोटाचे अस्तर हलके लावले तर गिऱ्हाईक फार तर पुन्हा दुकानात येत नाही. ब्रेकचे लायनर हलके लावले तर ते घरीच पोहोचत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या उभ्या असतात. ब्रेक लागला की नाही, याचा फैसला तिथे क्षणात होतो. म्हणून ‘इंजिन फुल करा, ब्रेकचे नंतर पाहू’ म्हणणाऱ्याचे काम घेऊ नये. कोणता माल टाकला ते बिलावर लिहावे, गाडी स्वतः चालवून, थांबवून पाहावी, मगच चावी द्यावी. एक काम सोडले म्हणून रोजी कमी होत नाही. देणारा अल्लाह आहे. गिऱ्हाइकाचा जीव मात्र तेवढा वेळ आपल्या हातात अमानत असतो.