एंजिनाचे ठोके व त्यांवरील औषधें

अंबरनाथ व बदलापूर येथील कारखान्यांच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हां लोकांस रसायनांचा वास परका नाहीं. त्यांचें सामर्थ्य आम्ही जाणतों. आणि उल्हासनगरांतून वाहणाऱ्या वालधुनी नदीची दशा पाहून त्यांच्या दुरुपयोगाचें फळहि जाणतों. म्हणून ‘ही बाटली पेट्रोलांत ओता, मोटार वाऱ्यासारखी धांवेल,’ असें कोणी सांगितलें असतां ती बाटली करते काय, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

एंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें व ठिणगीनें पेटतें. ज्वाला क्रमानें पसरली तर दट्ट्यास एकसारखा रेटा मिळतो. परंतु दाब व उष्णता अति झाल्यास ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें आणि ठोका ऐकूं येतो. बोरघाट चढतांना जुन्या मोटारींत तो सहज कानीं पडे. असे ठोके वारंवार बसल्यास दट्ट्या निकामी होतो.

ह्या ठोक्यास तोंड देण्याची पेट्रोलची शक्ति ऑक्टेन-अंकानें मोजतात. आयसो-ऑक्टेन ह्या द्रवास १०० व हेप्टेनास ० अंक दिला आहे. ९१ अंकाचें पेट्रोल त्या दोहोंच्या ९१ व ९ भागांच्या मिश्रणासारखें वागतें. तेव्हां हा अंक पेट्रोलच्या जोराचा नसून संयमाचा आहे. शर्यतीच्या मोटारींत मिश्रण फार दाबलें जातें, म्हणून त्यांस तो संयम लागतो. साध्या मोटारीस त्याचा लाभ क्वचितच होतो.

हा संयम स्वस्तांत आणण्याची युक्ति १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यांस सांपडली. ती म्हणजे टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग. १९२४ सालीं तें तयार करणारे कांहीं कामगार विषबाधेनें मरण पावले. तरीहि त्याचा वापर वाढतच गेला, व धुरांतील शिशानें लहान मुलांच्या मेंदूस अपाय केला. भारतांत २००० सालीं असें पेट्रोल सर्वत्र बंद झालें. मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्यानें २०२१ सालीं तें थांबविलें.

आतां तें काम बऱ्याच अंशीं इथेनॉल करतें. उसाच्या मळीपासून होणाऱ्या ह्या मद्यार्काचा अंक सुमारें १०८ आहे. २००१ सालीं मिरज व मनमाड येथें त्याच्या मिश्रणाचा प्रयोग झाला. मात्र एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच ऊर्जा असते. अंक मोठा, पण जोर कमी, याचें हें उत्तम उदाहरण होय.

बाटल्यांतील औषधांत मँगनीज किंवा लोह यांचीं संयुगें असूं शकतात. त्यांची राख स्पार्क प्लगवर बसते. पुष्कळदां बाटलीवरील ‘दहा गुण’ म्हणजे ऑक्टेनचा केवळ एक अंक असतो. टोल्युइनसारखा द्रावक घरीं मिसळणें तर अत्यंत घातक. त्याची वाफ चटकन् पेट घेते व मेंदूस बाधते.

विद्यार्थिमित्रहो, मोटार बनविणाऱ्यानें जो अंक सांगितला असेल, त्याचेंच पेट्रोल घालावें. आणि पुढें तुमच्यापैकीं कोणी रसायनशास्त्रज्ञ झाल्यास, नवें द्रव्य एंजिनास काय देतें एवढेंच न विचारतां, धुराबरोबर तें कोणाच्या श्वासांत जातें, हेंहि त्यानें आधीं विचारावें.