बांबूबन संपते तिथून पुढे

क्योतोच्या आडवाटा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण क्योतोच्या पश्चिम टोकाला, आराशियामातल्या तेन्र्यूजी मंदिराच्या तळ्याकाठी थांबलो होतो. सेनापती आशिकागा ताकाऊजी ज्या सम्राट गो-दाइगोवर उलटला, त्याच सम्राटाच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून त्याने १३३९ मध्ये हे मंदिर उभारायला घेतले, ती कथाही आपण वाचली. या मंदिराच्या उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडले की समोर जगप्रसिद्ध बांबूबन येते. जपानच्या पर्यटनाच्या जाहिरातीत फुजी पर्वतानंतर बहुधा याच वाटेचे छायाचित्र असते.

बन सुंदर आहे, यात वाद नाही. मोसो जातीचे उंच, जाड बांबू दोन्ही अंगांनी दाटून उभे असतात आणि वारा सुटला की वरच्या वर शेंडे एकमेकांवर घासतात. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये जतन करण्याजोगे देशातले शंभर आवाज निवडले, त्यांत सागानोच्या या बांबूंची सळसळ आहे. आज मात्र सकाळी नऊनंतर तो आवाज कानी पडणे कठीण. माणसांचा लोंढा काहीशे मीटरच्या त्या वाटेवर पुढे सरकत असतो. कुणी बांबूवर आपले नावही कोरते. बांबूचा सोट एकदा उंच झाला की पुढे जाड होत नाही, झाडाच्या सालीसारखी त्याची जखम भरून येत नाही. कोरलेले नाव तो बांबू असेपर्यंत तसेच राहते. हे वाचूनही कोणाचा हात खिशातल्या किल्लीकडे जात असेल, तर त्याने आराशियामाला जाऊच नये.

बनाच्या वरच्या टोकाला लोंढा वळतो आणि नदीकडे किंवा स्टेशनाकडे परततो. या लेखांकाचा विषय उलट्या दिशेला, उत्तरेला जाणारी वाट आहे. ओगुरा डोंगराच्या पायथ्याने ती अडीच-तीन किलोमीटर जाते आणि तिच्यावर पाच मंदिरे आहेत. माझ्या मते क्योतोत याहून मोलाची पायवाट नाही. बांबूबन पाहून परतणारा माणूस या मुलखाचे फक्त दार पाहून परततो.

ही मंदिरे इथेच का, हे कळायला राजधानीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. ७९४ मध्ये हेइआन्क्यो, म्हणजे आजचे क्योतो, चिनी राजधानीच्या धर्तीवर काटकोनी रस्त्यांनी आखले गेले. सागानो हा त्या चौकटीबाहेरचा भाग. आधी सम्राट आणि सरदार इथे शिकारीला आणि विश्रांतीला येत. पुढे राजधानीला नकोसे झालेले किंवा राजधानी नकोशी झालेली माणसे इथे येऊ लागली. दरबारातून पाय काढलेले भिक्षू, टाकलेल्या स्त्रिया, वारस नसलेले मृत. सागानोची मंदिरे अशा माणसांची आहेत. ती एका ओळीत चालत पाहिली, तर हा धागा आपोआप हाती लागतो.

पहिले मंदिर जोजाक्कोजी. निचिरेन पंथाचा एक थोर आचार्य, निश्शिन, क्योतोतल्या होन्कोकुजी या बड्या मठाचा प्रमुख होता. हुकूमशहा तोयोतोमी हिदेयोशीने आपल्या महाबुद्धाच्या मंदिरात सर्व पंथांच्या भिक्षूंना मोठ्या विधीसाठी बोलावले. आपल्या पंथावर श्रद्धा नसलेल्याकडून दान घ्यायचे नाही, हे निश्शिनचे तत्त्व होते. त्याने बोलावणे नाकारले, गादी सोडली आणि १५९६ मध्ये तो या उतारावर येऊन राहिला. जमीन मिळाली ती सुमिनोकुरा या व्यापारी घराण्याकडून. मंदिराला डोळ्यांत भरेल अशी तटबंदी नाही. गवताने शाकारलेल्या दरवाजातून दगडी पायऱ्या वर चढतात. वरचा १६२० चा पॅगोडा ओलांडून मागे वळले की झाडांच्या फटीतून अख्खे क्योतो दिसते. ज्या शहराचा मान सोडून निश्शिन निघाला, ते शहर इथून सबंध दिसते.

खाली उतरताना शेतापलीकडे एक झोपडी लागते. ती राकुशिशा, हायकू कवी मुकाई क्योराईची. त्याचे गुरू बाशो १६९१ मध्ये इथे राहिले आणि त्यांनी इथल्या मुक्कामाची रोजनिशी लिहिली. मंदिर नसले तरी पाच मिनिटे थांबावे.

पुढे निसोन-इन. इथल्या गाभाऱ्यात दोन मूर्ती शेजारी शेजारी उभ्या आहेत, शाक्यमुनी आणि अमिताभ. जपानी त्यांना शाका आणि आमिदा म्हणतात. आपल्याकडे शाक्यमुनी बुद्ध हे ऐतिहासिक गुरू म्हणून ओळखीचे आहेत. अमिताभ हा महायान परंपरेतला, पश्चिमेकडच्या सुखावती लोकाचा बुद्ध. निसोन-इनमध्ये या दोघांत कामाची वाटणी आहे. मरणाऱ्याला या जगातून निरोप देतो तो शाक्यमुनी, पलीकडे सामोरा येऊन हात देतो तो अमिताभ. एकट्या माणसाला मरणाची जी भीती वाटते, तिच्यावर इतके साधे आणि इतके कनवाळू उत्तर मला दुसऱ्या मूर्तिविधानात आढळलेले नाही. मागच्या टेकडीवर सुमिनोकुरा र्योईची कबर आहे. याच घराण्यातल्या या माणसाने १६०६ मध्ये होझू नदीतले खडक फोडून ती नावांना खुली केली. आराशियामाला येणारे पर्यटक हौसेने ज्या नदीत नौकाविहार करतात, ती त्याची करणी.

तिथून एका अरुंद गल्लीने आत शिरले की गिओजी लागते. अंगण म्हणजे शेवाळ्याची हिरवी जमीन आणि वर मेपलची सावली. इमारत म्हणजे एक लहानशी झोपडी. तिची कथा तेराव्या शतकात आकाराला आलेल्या 'हेइके मोनोगातारी' या युद्धकथेत आहे. बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरी हा देशाचा खरा सत्ताधीश होता. त्या काळी शिराब्योशी नावाच्या नर्तकी पुरुषी पांढरा पोशाख, उंच टोपी आणि कमरेला तलवार अशा वेषात नाचत. त्यांपैकी गिओ कियोमोरीची लाडकी झाली. एक दिवस होतोके नावाची कोवळी नर्तकी न बोलावता वाड्यावर आली. कियोमोरीने तिला हाकलायला सांगितले. गिओनेच रदबदली केली, तिला नाचू तरी द्या म्हणाली. होतोके नाचली, कियोमोरी तिच्यावर भुलला आणि गिओला वाड्याबाहेर काढले. पुढच्या वसंतात तिला पुन्हा बोलावणे आले, होतोकेला करमत नाही म्हणून तिच्यापुढे नाचायला. त्या अपमानानंतर गिओने केस उतरवले. धाकटी बहीण गिजो आणि आई तोजी यांनीही तेच केले आणि तिघी सागानोत नामस्मरण करीत राहिल्या. तेव्हा गिओ एकवीस वर्षांची होती.

कथा इथे संपली असती तर ती जगातल्या शेकडो परित्यक्तांच्या कथांसारखी झाली असती. पण शरदातल्या एका रात्री दारावर थाप पडली. दारात होतोके उभी होती, मुंडण करून. गिओचे आज जे झाले ते उद्या आपले होणार, हे सतरा वर्षांच्या त्या मुलीला उमगले होते आणि गिओचा तिने जीव लावून शोध घेतला होता. गिओने मनातला सल काढून टाकला. चौघी अखेरपर्यंत एकत्र राहिल्या. आज गाभाऱ्यात त्या चौघींच्या लाकडी मूर्ती आहेत आणि त्यांच्याबरोबर कियोमोरीचीही. ज्याने दोघींना खेळणे मानले, त्यालाही त्यांच्या घरात जागा दिली आहे. मूळचा मठ काळाच्या ओघात ओसाड पडला. आजची झोपडी मेइजी काळात क्योतोच्या राज्यपालाने आपल्या बागेतले घर देऊन उभी करवली. वास्तू नवी असली तरी श्रद्धा सच्ची आहे. इथे घाईने छायाचित्र काढून निघू नये, ओसरीवर बसून ही कथा आठवावी.

वाट आता चढू लागते आणि आदाशिनो येते. एके काळी राजधानीतली प्रेते या माळावर आणून टाकत. वाऱ्यापावसाच्या आणि पक्ष्यांच्या हवाली केलेली ती माणसे. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई या थोर आचार्याने इथे त्यांच्यासाठी मंदिर स्थापले, असे परंपरा सांगते. कूकाई म्हणजे भारतातून चीनमार्गे गेलेली मंत्रयानाची परंपरा जपानमध्ये रुजवणारा. पुढे होनेन या संताने ते अमिताभाच्या नामजपाचे स्थान केले, म्हणून नाव आदाशिनो नेम्बुत्सुजी. लोक पुरलेल्या जागी लहान दगडी बुद्ध आणि स्तूप ठेवत. पिढ्या गेल्या, ओळख पुसली, दगड झाडीत आणि मातीत गडप झाले. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला गावकऱ्यांनी ते शोधून, उकरून एका आवारात ओळीने मांडले. ते सुमारे आठ हजार आहेत. झिजून त्यांचे नाकडोळे गेलेले, पण रचना अशी की सगळे मध्यभागी बसलेल्या अमिताभाचे प्रवचन ऐकत आहेत. ऑगस्टच्या अखेरीस दोन संध्याकाळी या प्रत्येकापुढे दिवा लागतो. नातलग नसलेल्यांसाठी लावलेले हे दिवे पाहताना मराठी माणसाला सर्वपित्री आठवल्याशिवाय राहणार नाही.

भारतीय वाचकाने या आवारात आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. सांचीच्या धर्तीचा एक स्तूप इथे आहे, पुढे तसेच तोरण असलेला. मागच्या बाजूला पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बांबूही आहेत, तेच आणि तेवढेच देखणे, आणि बहुतेक वेळा तिथे कोणीही नसते.

पुढचा रस्ता सागा-तोरीइमोतो या जुन्या वस्तीचा. आतागो डोंगरावरच्या अग्निरक्षक देवाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट. गवती छपरांची घरे १९७९ पासून संरक्षित आहेत. लाल कमानीशी असलेल्या चहाघरात बसून दम खाता येतो.

शेवटचे ओतागी नेम्बुत्सुजी. त्याचा इतिहास म्हणजे पडझडीचा इतिहास. आठव्या शतकात हे मंदिर शहराच्या पूर्वेला बांधले गेले. कामो नदीच्या पुरात वाहून गेले, मग पुन्हा उभे राहिले. १९२२ मध्ये ते वाचवण्यासाठी सुटे करून शहराच्या या दुसऱ्या टोकाला आणले, तर १९५० च्या चक्रीवादळाने पुन्हा मोडले. १९५५ मध्ये निशिमुरा कोचो या मूर्तिकाराने त्याची जबाबदारी घेतली. जुन्या बुद्धमूर्ती दुरुस्त करणे हे त्याचे आयुष्याचे काम होते. १९८१ मध्ये त्याने लोकांना आवाहन केले, की या, छिन्नी धरायला मी शिकवतो, तुम्ही एकेक अर्हत घडवा. आधी पाचशेचा बेत होता. दहा वर्षांत बाराशे झाले. सगळे घडवले ते नवशिक्यांनी, म्हणून प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. एक पोट धरून हसतो, दोघे मद्याचा पेला उंचावतात, एकाच्या हातात टेनिसची रॅकेट आहे. डोंगरातल्या ओलाव्याने त्यांच्यावर इतके शेवाळे चढले आहे, की जेमतेम चाळीस वर्षांच्या या मूर्ती शतकांपूर्वीच्या वाटाव्यात. आवारात तीन घंटा आहेत, बुद्ध, धर्म आणि संघ या त्रिरत्नांच्या. 'बुद्धं शरणं' म्हणत वाढलेल्या वाचकाला त्या तिन्हींचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

कसे जावे, ते थोडक्यात. आराशियामाहून बसने थेट ओतागीला जावे आणि तिथून खाली चालत यावे. चढ वाचतो आणि सगळे जात असतात त्याच्या उलट आपण येतो. बांबूबन पाहायचे तर पहाटे, उजाडता उजाडता. तेव्हा ती सळसळ ऐकू येते. मंदिरे उघडायला नऊ-साडेनऊ होतात. प्रत्येक ठिकाणी काहीशे येनचे तिकीट असते. ते भरताना हात आखडता घेऊ नये, याच पैशांवर छपरे शाकारली जातात. गिओजी आणि आदाशिनोत आवाज खाली ठेवावा. वाटेतली घरे लोकांची राहती घरे आहेत, तिथे डोकावू नये. पाच मंदिरे म्हणजे पूर्ण दिवस. वेळ कमी असेल तर गिओजी आणि आदाशिनो ही दोन निवडावीत.

याच परिसरातले सेइर्योजी मी मुद्दाम मागे ठेवले आहे. तिथली शाक्यमुनींची लाकडी मूर्ती ९८५ मध्ये चीनमध्ये घडली. कौशांबीच्या उदयन राजाने बुद्धाच्या हयातीतच घडवल्याचे मानले जाणाऱ्या मूर्तीची ती प्रतिकृती. १९५४ मध्ये तिच्या पोकळीत रेशमी कापडाचे आतडे, फुप्फुस आणि हृदय सापडले. पुढचा लेखांक त्या मूर्तीवर.